आजीचं 'शुभ सकाळ' आणि नातीचं गप्प बघणं: सीमाभागातल्या घरांसाठी सोशल मीडियाची पहिली पावलं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घर एक आणि माणसं तीन गावांत, हे आता नेहमीचंच. आजी-आजोबा येळ्ळूर नाहीतर उचगावात, मुलगा-सून पुण्यात, नात बेंगळूरला कंपनीत. फोन सगळ्यांच्या हातात आहे आणि तक्रारही सगळ्यांची एकच आहे: समोरचा बोलत नाही. आजी रोज पहाटे फुलांचा फोटो पाठवते, नात उत्तर देत नाही. नात रोज स्टोरी (एक दिवसापुरता दिसणारा फोटो किंवा व्हिडिओ) टाकते, आजीला ती स्टोरी फोनात कुठं दिसते तेच ठाऊक नाही.

यामागं वयापेक्षा जास्त भानगड कुणी कधी आणि कशावर शिकलं याची आहे. माझ्या पिढीनं कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ऑर्कुट शिकलं. ते २००४ मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये बंद पडलं. तोवर आम्ही फेसबुकवर गेलो होतो आणि आजही तिथंच आहोत. आमचे आई-वडील २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर थेट व्हॉट्सॲपवर उतरले, मधलं काही बघितलंच नाही. मुलांना कळायला लागलं तेव्हा इन्स्टाग्राम घरात होतंच. आता मोठ्यांच्या लेखी काहीतरी पाठवणं म्हणजे हजेरी, आणि लहानांच्या लेखी नुसतं बघितलं तरी हजेरी लागते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढं वाचा. लेख मुख्यतः साठीच्या पुढं पहिल्यांदा स्मार्टफोन हातात आलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना शिकवायला बसणाऱ्या पोरांसाठीही.

पहिली पायरी: लिहायचं कसं

दुकानातून फोन आणला की पहिला सल्ला मिळतो, 'सगळा फोन मराठीत करून टाका.' माझं मत उलटं आहे. शिकवणारा नातू इंग्रजी मेनूला सरावलेला असतो. मराठी मेनूत त्याला 'प्रायव्हसी' सापडत नाही, मग तो वैतागतो आणि शिकवणी तिथंच संपते. मेनू राहू द्या इंग्रजीत, कीबोर्ड तेवढा मराठी करा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जीबोर्ड असतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस' उघडून मराठी जोडायचं. मग खालची लांब स्पेसची पट्टी दाबून धरली की भाषा बदलते. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. आपल्या बोलण्यात मध्येच कन्नड शब्द येतो, तिथं ते काहीतरी भलतंच लिहून ठेवतं, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या.

आता लिपीचं बघू. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली नातवंडं शाळेत हिंदी शिकल्यामुळं देवनागरी वाचतात, पण लांबलचक मजकुरात अडखळतात. स्वतः लिहितात ते इंग्रजी अक्षरांत मराठी. आजोबांना ते वाचवत नाही आणि नातवाला आजोबांचं पानभर पत्र. भांडण नको असेल तर आवाज पाठवा. चॅटमध्ये उजव्या कोपऱ्यातला माइक दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं. दाबून धरून बोट वर सरकवलं की रेकॉर्डिंग चालू राहतं आणि हात मोकळा होतो. अर्ध्या मिनिटात आवरतं घ्या. लांब रेकॉर्डिंग पोरं दुप्पट वेगानं ऐकतात, तशी सोयच दिलेली आहे, आणि त्या वेगात तुमचं 'जेवलास काय रे' कार्टूनसारखं वाजतं.

अक्षरं बारीक दिसत असतील तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', त्यात 'फॉन्ट साइझ', तिथं 'लार्ज'.

दुसरी पायरी: नंबर आणि कुलूप

खातं ज्या नंबरवर काढाल तो सिम तुमच्या नावावर आणि तुमच्याच फोनमध्ये असावा. पुष्कळ घरांत आईचं व्हॉट्सॲप मुलाच्या जुन्या नंबरवर चालू असतं. मुलानं तो नंबर बंद केला की काही महिन्यांनी तो तिसऱ्याच माणसाला मिळतो आणि घोळ सुरू होतो.

मग सेटिंग्ज, अकाउंट, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. सहा आकडी पिन ठेवायचा. जन्मसाल, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर चालणार नाही. पिन वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. फोनच्या कव्हरमागं चिठ्ठी खोचून ठेवणारे मी बघितलेत. मेसेजमधून येणारा सहा आकडी ओटीपी आणि हा पिन वेगळे. दोन्ही कुणालाही सांगायचे नाहीत, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

तिसरी पायरी: कोण काय बघतंय

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' उघडा. प्रोफाइल फोटो, 'लास्ट सीन' आणि 'ग्रुप्स' या तिन्हींना 'माय काँटॅक्ट्स' लावा. शेवटचं केलं की अनोळखी माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या कसल्यातरी ग्रुपात परस्पर ओढू शकत नाही.

दोन निळ्या खुणा म्हणजे समोरच्यानं मेसेज उघडला. पोरं ही सोय बंद करून ठेवतात. खूण निळी झाली नाही म्हणून नात रुसली असं समजू नका, आणि निळी झाली पण उत्तर नाही म्हणजे तिनं टाळलं असंही नाही. ती ऑफिसात असते, बघते, मनात उत्तरही देते आणि विसरते. बंद करायची असेल तर तुम्हीही करू शकता, मात्र मग दुसऱ्यांच्या खुणाही तुम्हाला दिसत नाहीत. ग्रुपमध्ये हा पडदा चालत नाही.

आता स्टेटस. हे मी शिकवताना सगळ्यात सावकाश शिकवते, कारण आजीची आणि नातीची गाठ पडते ती इथंच. खाली किंवा वर 'अपडेट्स' असं लिहिलेलं दिसेल, त्यावर टेका. माणसांचे गोल फोटो दिसतील, त्यांना हिरवं कडं असेल. नातीच्या गोलावर बोट ठेवा, तिनं टाकलेला फोटो उघडेल. तो २४ तासांनी आपोआप जातो. तुम्ही स्वतःचं स्टेटस टाकलंत, समजा तुळशीचा फोटो, तर त्याच्या तळाशी डोळ्याची खूण येते. तिच्यावर दाबा. कुणी कुणी बघितलं त्यांची नावं वेळेसकट येतात, पण निळ्या खुणांची सोय तुम्ही आणि बघणाऱ्यानं दोघांनीही चालू ठेवली असेल तरच. त्या यादीत बेंगळूरच्या नातीचं नाव सकाळी पावणेनऊला दिसलं की कळतं, ती कामावर जाताजाता बघून गेली. तिनं 'नमस्कार आजी' लिहिलं नाही, पण येऊन गेली. आणि उलट बाजूनं, ही सोय दोघींकडं चालू असेल तर तुम्ही तिचं स्टेटस बघितलंत की तिच्याही यादीत तुमचं नाव चढतं. तिला तेवढं पुरतं. दरवेळी खाली 'छान बाळ, तब्येतीला जप' लिहायलाच हवं असं नाही. अधूनमधून लिहा.

चौथी पायरी: ग्रुप

आपल्याकडं एका माणसाच्या फोनात कमीत कमी हे ग्रुप असतात: भाऊबंदकीचा, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा, दहावीच्या बॅचचा, भिशीचा, आणि पंढरीच्या दिंडीचा. एकेका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात, त्यामुळं गाव अख्खं आत येतं.

प्रत्येक ग्रुपचं काम वेगळं असतं ते ओळखून वागायचं. भिशीच्या ग्रुपात हप्ता आणि तारीख एवढंच. मंडळाच्या ग्रुपात वर्गणी, मिरवणूक, चित्ररथाची तयारी. भाऊबंदकीच्या ग्रुपात वाटणीचं काहीही लिहू नका, जमिनीचा सर्व्हे नंबर तर नाहीच. तोंडी बोललेलं विरून जातं, लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो हिंडलग्याहून फिरून कोल्हापूरच्या आत्यापर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचतो.

सकाळचे फुलांचे फोटो. यावर तरुण पोरं फार हसतात, मला तेवढं हसू येत नाही. एकटं राहणाऱ्या बाईचा सहाचा फोटो नऊपर्यंत आला नाही म्हणून शेजारणीनं जाऊन दार वाजवलं, असं घडतं. पण शंभर जणांच्या ग्रुपात शंभर फोटो पडले की भिशीची तारीख खाली गाडली जाते आणि फोनची जागा भरते. त्यावर उपाय असा: फोटो ग्रुपात न टाकता ज्यांची खुशाली हवी त्या चार-पाच माणसांना एकेकट्याला पाठवा, सोबत स्वतःची एक ओळ. 'काल पाऊस झाला, भात बरं आहे.' त्याला उत्तर येतं. आणि सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात आपोआप डाउनलोड होणं बंद करून टाका.

नातवंडांसाठी: ग्रुपचा आवाज नको असेल तर 'म्यूट', 'ऑलवेज'. बाहेर पडायचंच असेल तर २०२२ पासून बाहेर पडल्याची पाटी सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. तरी भाऊबंदकीच्या ग्रुपातून बाहेर पडू नका. गेलेल्यांची नावं ६० दिवस कुणालाही शोधून बघता येतात आणि आपल्याकडं शोधणारा एक काका असतोच. लग्नात विचारतील.

पाचवी पायरी: फॉरवर्ड, आणि आपल्या भागाचं वेगळं पथ्य

मेसेजवर एक बाण असेल तर तो कुणाकडून तरी पुढं आलेला. दोन बाण असतील तर तो खूप हातांतून फिरलेला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवांतून माणसं मारली गेली, त्यानंतर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा आली. २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकालाच जातो. फोन अडवतोय म्हणजे बिघडला नाही, तो तुम्हाला थांबायला सांगतोय.

हे सगळीकडचं झालं. आपल्याकडं त्यावर आणखी एक थर आहे. १ नोव्हेंबर जवळ आला की एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, एकीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि फोन तापायला लागतात. कुठल्यातरी बसवर दगड मारल्याचा व्हिडिओ येतो. तो दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो, दुसऱ्याच जिल्ह्याचा असू शकतो. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या आठवणीबरोबर दुसरंही काही मिसळून येतं. ज्यांनी १९५६ नंतरचं सगळं डोळ्यांनी पाहिलंय त्यांच्या रक्तातच हा विषय आहे. त्यांनी गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. मत आपल्या शब्दांत, आपल्या नावानं लिहा. फक्त दुसऱ्यानं पाठवलेला, कुणाच्या भाषेला किंवा जातीला शिवी देणारा मजकूर पुढं ढकलू नका. भाषा, धर्म, जात यांवरून तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. गुन्हा दाखल झाला की वय बघत नाहीत. दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी पोलीस ठाण्यातून फोन यायचा तो ॲडमिनलाच आधी येतो.

आणखी एक बघा, भाऊबंदकीच्या ग्रुपात आता कन्नड बोलणारी सून असते, हुबळीचा जावई असतो. आजोबांनी १ नोव्हेंबरला ढकललेला फोटो ती सकाळी चहा करताना बघते.

तरुणांनीही फार शहाणं होऊ नये. शिवजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर काढलेली रील, तिच्यावर चिथावणीचा संवाद चिकटवलेला, 'स्टोरीच आहे, उद्या जाईल' म्हणून टाकायची. ती २४ तासांत जाते, पण पाचव्या मिनिटाला घेतलेला स्क्रीनशॉट राहतो. सरकारी भरतीला बसणाऱ्यानं तर हात आखडताच घ्यावा.

चुकून काही गेलंच तर मेसेजवर बोट दाबून धरा, वरची कचऱ्याच्या डब्याची खूण दाबा आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' निवडा. 'डिलीट फॉर मी' दाबलं तर ते फक्त तुमच्या फोनातून जातं, बाकीचे वाचतच राहतात. साधारण अडीच दिवस ही मुभा असते. शब्द बदलायचा असेल तर 'एडिट' आहे, पंधरा मिनिटांपर्यंत.

सहावी पायरी: फेसबुक आणि इन्स्टाग्राम

फेसबुकवर भाचीच्या फोटोखाली 'वजन वाढलंय, स्थळ आलंय त्याचं काय ठरलं' लिहिणं म्हणजे खडेबाजारात उभं राहून ओरडणं. असलं विचारायचं तर मेसेंजर आहे, नाहीतर सरळ फोन. कुणाच्याही फोटोला पन्नास माणसं टॅग करू नका. वाढदिवसाला केलं तर लोक चालवून घेतात, जाहिरातीला केलं तर तोडतात.

अनोळखी माणसाची मैत्रीची विनंती आली तर आधी त्याचं पान उघडा. फोटो एकच, मित्र मोजके, खातं मागच्याच आठवड्यातलं, असं दिसलं तर सोडून द्या. ओळखीच्याच माणसाची दुसऱ्यांदा विनंती आली तर त्याला फोन करून विचारा. त्याचा फोटो चोरून कुणीतरी खोटं खातं काढलेलं असतं आणि पुढच्या वाक्यात पैसे मागतात.

इन्स्टाग्रामवर नातवंडांची बरेचदा दोन खाती असतात. एक सगळ्यांसाठी, एक मित्रांसाठी. शिवाय पहिल्यातही 'क्लोज फ्रेंड्स' अशी वेगळी यादी करता येते, तिच्यातल्यांनाच ती हिरव्या कड्याची स्टोरी दिसते. तुम्ही त्या यादीत नसाल तर मागे लागू नका. आपणही कट्ट्यावर बसायचो तेव्हा वडील आले की विषय बदलत होतो. नातवानं जे खातं तुम्हाला दाखवलं ते बघा, आणि त्यावरचा फोटो मावशीला पाठवून 'हे बघ काय घातलंय' करू नका. एकदा केलंत की दुसऱ्या दिवशी तुम्हाला काहीच दिसायचं बंद होतं, आणि बंद झालंय हेही कळत नाही.

लहान नातवंडांचं मात्र आजीनं बघायलाच हवं, कारण खातं काढायला आजीचाच फोन सापडतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडं वयाची अट १३ वर्षांची आहे. जन्मसाल खोटं टाकून, आजीचा नंबर देऊन पाचवीतलं पोर आत जातं आणि ॲपला ते मोठं माणूस वाटतं. नंबर देऊ नका. १३ ते १७ मधल्या मुलांना इन्स्टाग्राम आता वेगळं 'टीन अकाउंट' देतं, भारतात २०२५ पासून. खातं खासगी असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं असेल तर पालकांची संमती लागते. पण हे सगळं खरं वय टाकलं तरच.

सातवी पायरी: दुःखाची बातमी

आपल्याकडं बातमी अशी येते: कोण गेलं, वय, राहणार कुठले, अंत्यविधी किती वाजता, शहापूरला की सदाशिवनगरला, रक्षाविसर्जन कधी. हे व्हॉट्सॲपवर टाकणं सोयीचं आहे, शंभर फोन वाचतात. पण क्रम चुकू देऊ नका. आधी लेकीला, पुण्याच्या भावाला, गोव्याच्या मेव्हण्याला फोन. ते बोलणं झाल्यावरच ग्रुप, आणि सगळ्यात शेवटी स्टेटस. बापाची बातमी चुलतभावाच्या स्टेटसवरून कळलेला माणूस ते जन्मभर विसरत नाही.

डोळ्यांतून पाणी येणारा पिवळा चेहरा नीट बघून निवडा. एक रडणारा असतो आणि एक हसून हसून पाणी आलेला. चष्म्याशिवाय दोन्ही सारखेच. श्रद्धांजलीच्या खाली दुसरा पडला की पोरं तो फोटो काढून ठेवतात. हात जोडलेली खूण पुरे. आणि पोरांनो, तुम्ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून मोकळे होता ते मोठ्यांना लागतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायला दहा सेकंद लागत नाहीत. नंतर एक फोन करा.

आठवी पायरी: ठग

यात पिढीनुसार सापळेही वेगळे लावतात. तरुणांना घरबसल्या काम, रील लाइक केल्याचे पैसे, झटपट कर्जाचं ॲप. मोठ्यांना भीती. व्हिडिओ कॉल येतो, समोर वर्दीतला माणूस, तुमच्या आधारवर पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणतो, फोन बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. कायद्यात असा कसलाच प्रकार नाही. कोणताही पोलीस, सीबीआय किंवा कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या वयस्क माणसांनीही यात आयुष्यभराची पुंजी घालवलेली आहे. बहुतेक बोलणं हिंदी-इंग्रजीत रेटून चालतं. तुम्ही मराठीतच बोलत राहा, 'मुलाला विचारून सांगतो' म्हणा आणि फोन ठेवा.

लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल (म्हणजे ती फोनात ॲप बसवणारी फाइल) तर उघडू नका. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. 'आई, माझा फोन पडला, हा नवा नंबर, लगेच वीस हजार पाठव' असा मेसेज आला तर जुन्या नंबरवर फोन करा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, बाहेर कुणालाच ठाऊक नसलेला. गोठ्यातल्या जुन्या म्हशीचं नाव चालेल.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० वर लगेच फोन. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार, आणि जवळचं पोलीस ठाणं. बेळगाव शहरात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं सीईएन ठाणं आहे. आणि मुलांनी पहिल्या फोनवर 'तुला किती वेळा सांगितलं' म्हणायचं नाही. या वाक्याच्या भीतीनं आई-वडील दोन दिवस लपवतात आणि ते दोन दिवसच ठगाला हवे असतात.

शिकवणाऱ्यांना

फोन हातातून ओढून घेऊन 'हे बघ, असं' करून परत देऊ नका. बोट त्यांचंच राहू द्या. एका बैठकीत एकच गोष्ट, आणि ती त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात. 'हिरवं कडं म्हणजे नवीन' अशी. फोन बदलताना जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, 'चॅट बॅकअप' करून घ्या आणि तो आजोबांच्याच गूगल खात्यावर गेलाय ना हे बघा. दुकानदार घाईत स्वतःचं खातं टाकून देतो, मग आजोबांकडचे इतक्या वर्षांचे फोटो दुकानातल्या पोराच्या खात्यात आणि आजोबांचा फोन कोरा.